हॅटली पार्कबद्दल कुणाला माहिती आहे का? (व्हिक्टोरिया, कॅनडा)

रावपुऱ्याची_मंजिरी

नमस्कार मंडळी. माझ्या मुलाला कॅनडात व्हिक्टोरियाजवळ रॉयल रोड्स विद्यापीठात प्रवेश मिळालाय. एप्रिलअखेरीस आम्ही दोघं आणि माझे सासरे त्याच्याकडे जाणार आहोत. त्यानं आवाराचे फोटो पाठवले तेव्हापासून बाबांच्या (सासऱ्यांच्या) डोक्यात तोच विषय आहे. फोटोत वेलींनी झाकलेला मोठा दगडी किल्ला, मागे समुद्र, पलीकडे बर्फाचे डोंगर.

बाबा आपल्या बडोद्याच्या लालबागेतल्या रेल्वे स्टाफ कॉलेजात, म्हणजे प्रतापविलास राजवाड्यात, नोकरीला होते. फोटो बघितल्याबरोबर म्हणाले, "हे प्रतापविलासच्या जातीचं आहे. कुणीतरी राहायला बांधलं आणि नंतर सरकारनं शिकवायला घेतलं." मुलगा म्हणतो, पूर्वी इथे सैनिकी कॉलेज होतं. त्यापलीकडे त्याला ठाऊक नाही, आणि बाबांचे प्रश्न थांबत नाहीत. किल्ला कुणाचा? बाग कुणी केली? सैनिकी कॉलेज इथेच का आणि मग ते बंद का पडलं? बाबा ७८ वर्षांचे आहेत, गुडघे दुखतात, त्यामुळे कुठे किती चालावं लागेल तेही सांगा.

निखिल_सयाजीगंज

मी त्याच गावात शिकलो. तो हॅटली कॅसल. हॉलिवूडच्या चित्रपटांत पुष्कळदा दिसतो, मुलाला माहीत असेल. आणखी एक गोष्ट तिथे सगळे सांगतात. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडवर हल्ला झाला तर राजा सहावा जॉर्ज आणि त्याच्या कुटुंबाला कॅनडात आणून याच किल्ल्यात ठेवायचा विचार होता. शेवटी ते लंडन सोडून गेलेच नाहीत. बाकी इतिहास काकांनाच विचारा. बागवानकाका, आहात का?

बागवान_दांडियाबाजार

आहे, आहे. मंजिरीताई, तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. फोटोवरून त्यांनी जे ओळखलं ते अगदी बरोबर आहे. माझी मुलगी शेजारच्या लँगफर्डला राहते. तिच्याकडे गेलो की घरी कमी आणि हॅटली पार्कात जास्त असतो. माझी सगळी नोकरी बागखात्यात गेली, त्यामुळे किल्ल्यापेक्षा बागेबद्दल जास्त लिहिणार, एवढं चालवून घ्या.

आधी मालक. त्याचं नाव जेम्स डन्सम्यूर. बाप रॉबर्ट डन्सम्यूर स्कॉटलंडहून व्हँकूवर बेटावर (व्हिक्टोरिया याच बेटावर आहे) कोळशाच्या खाणीत कामाला आला होता. १८६९ साली नानायमोजवळ वेलिंग्टनला त्याला कोळशाचा मोठा थर सापडला आणि घराण्याचं नशीब उघडलं. पुढे एस्क्विमॉल्ट ते नानायमो ही रेल्वे त्यानंच बांधली, १८८६ मध्ये ती पूर्ण झाली. बाबा रेल्वेतले, तेव्हा त्यांना हा व्यवहार मुद्दाम सांगा: रूळ टाकण्याच्या बदल्यात सरकारनं त्या बेटाच्या जवळपास पाचव्या हिश्श्याएवढी जमीन दिली. वरचं जंगल आणि खालचा कोळसा त्यातच आला. तिथे राहणाऱ्या आदिवासी जमातींना कुणी विचारलं नाही.

जेम्स हा थोरला मुलगा. १९०० ते १९०२ तो ब्रिटिश कोलंबिया या तिथल्या प्रांताचा प्रीमियर होता, म्हणजे आपल्या भाषेत मुख्यमंत्री, आणि १९०६ ते १९०९ लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे राज्यपाल. १९०५ मध्ये त्यानं रेल्वे कॅनेडियन पॅसिफिकला विकली आणि लगोलग हॅटलीची जमीन घेतली. सॅम्युएल मॅक्लूर नावाच्या तिथल्याच वास्तुरचनाकाराकडून १९०८ पर्यंत किल्ला उभा करून घेतला. चाळीस खोल्या आहेत. बाहेरून स्थानिक दगड आणि वालुकाश्माच्या कडा, आत ओक आणि शिसवीचं काम, जमिनीला सागवानी फळ्या. मी आत गेलो तेव्हा नजर आधी त्या फळ्यांवरच गेली.

हे सगळं बघताना मला कोळसा डोळ्याआड करता येत नाही. १८८८ साली वेलिंग्टनच्या खाणीत स्फोट झाला, ७७ माणसं गेली. फेब्रुवारी १९०१ मध्ये कंबरलँडच्या खाणीत स्फोट झाला, ६४ गेली. दोन्ही खाणी डन्सम्यूरांच्या, आणि दुसऱ्या वेळी जेम्स स्वतः प्रांताचा प्रमुख होता. मरणाऱ्यांत चिनी आणि जपानी मजूरही होते. खाणमजुरांची संघटना त्या घराण्यानं शेवटपर्यंत उभी राहू दिली नाही. किल्ल्याच्या दारात उभं राहिल्यावर तुमच्या मुलानं हे दोन आकडे ध्यानात ठेवावेत असं मला मनापासून वाटतं.

आता बाग. इथे घाई करणार नाही.

किल्ला टेकाडावर आहे आणि जमीन समुद्राकडे उतरत जाते. खाली एस्क्विमॉल्टचं खाजण आहे, त्यापुढे वाळूची चिंचोळी पट्टी, मग खाडी आणि पलीकडे अमेरिकेतले ऑलिंपिक डोंगर. या उताराचा उपयोग सगळ्यात सुंदर केलाय तो इसाबुरो किशिदा या जपानी माणसानं. तो योकोहामाहून आला होता. व्हिक्टोरियातल्या गॉर्ज पार्कमधली जपानी चहाबाग आणि बुचार्ट गार्डन्समधला जपानी भाग, हीसुद्धा त्याचीच कामं. १९१० च्या आसपास त्यानं हॅटलीतली जपानी बाग केली. मोठी बॉस्टनची रचनाकार जोडी, ब्रेट आणि हॉल, त्याच्यानंतर आली. प्रिन्स रुपर्ट या बंदराच्या गावाचा आराखडाही त्यांचाच. त्यांनी पूर्ण इस्टेटीचा नकाशा आखला: किल्ल्याला लागून इटालियन बाग, खाली गुलाबबाग, रस्ते, कुंपणं, शेती. औपचारिक बाग घराजवळ ठेवायची आणि जसजसे लांब जाल तसतशी ती सैल होत शेवटी जंगलात मिसळायची, ही त्यांची रीत. चालताना कुठे बाग संपली आणि कुठे जंगल लागलं ते खरंच कळत नाही. त्या जंगलात देवदारवर्गातली इतकी जुनी झाडं आहेत की दोन माणसांच्या कवेत खोड येत नाही.

आणि एक काचघर होतं. त्यावर ७५,००० डॉलर खर्च केले होते. आत भारतातून मागवलेली पांढरी ऑर्किडं आणि मधल्या घुमटाखाली केळीचं मोठं झाड! आपल्याकडे मोरीच्या पाण्यावर केळ वाढते, तिथे तिच्यासाठी काचेचा महाल बांधावा लागला. ऑर्किडांवरून मला नेहमी १९१४ आठवतं. त्या वर्षी कोमागाता मारू जहाजातून पंजाबातले ३७६ लोक व्हँकूवर शहराच्या बंदरात पोचले, त्यांतल्या २४ जणांनाच उतरू दिलं आणि जहाज दोन महिन्यांनी परत धाडलं. त्याच प्रांतात, त्याच काळात, आपल्या मातीतलं फूल मात्र ऊब देऊन जपलं जात होतं.

ऐन भरात असताना या बागांवर शंभराच्या आसपास माळी आणि मजूर होते. त्यांतले बरेचसे चिनी. इस्टेटीतच एका बाजूला त्यांची वेगळी वस्ती होती आणि सगळे एकटे पुरुष. बायकामुलं आणायची तर सरकार माणशी कर घेई. १९०३ पासून तो ५०० डॉलर होता, मजुराला कसा परवडणार? मी स्वतः मजुरांकडून वाफे करून घेतलेत, त्यामुळे सांगतो, आखणी करणाऱ्याचं नाव राहतं पण बाग उभी राहते ती रोज ओणवं होऊन तण काढणाऱ्यामुळे. या लोकांची नावं कुठल्याच पाटीवर मला सापडली नाहीत.

मालकांना हे सुख फार लाभलं नाही. जेम्सचा धाकटा मुलगा, त्याचंही नाव जेम्स, १९१५ च्या मे महिन्यात युद्धावर जायला लुसिटेनिया जहाजानं निघाला आणि जहाजाबरोबर बुडाला. बाप त्यातून सावरला नाही, १९२० मध्ये वारला. पत्नी लॉरा १९३७ पर्यंत तिथे राहिली. तिच्यानंतर एवढा पसारा सांभाळायला कुणी उरलं नाही. १९४० मध्ये कॅनडाच्या सरकारनं तो नौदलासाठी घेतला, किंमत ७५,००० डॉलर. काचघराला लागले होते तेवढ्यात किल्ला, शेती, जंगल, बागा सगळं आलं.

बाबांच्या 'प्रतापविलास'कडे मी आता येतो. १९५२ साली रेल्वे स्टाफ कॉलेज डेहराडूनहून बडोद्याला, प्रतापविलासमध्ये आलं. कॉलेज आलं म्हणून ते आवार एकगठ्ठा राहिलं, झाडं राहिली. तेच हॅटलीचं. वारसांनी तुकडे पाडून विकली असती तर आज तिथे बंगल्यांच्या ओळी असत्या. आमच्या दांडियाबाजारात वाडे कसे गेले ते सगळ्यांनी बघितलंय: आधी परसातली विहीर बुजली, मग पारिजातक गेला, मग चार मजली कॉम्प्लेक्स. तेव्हा सैनिकी कॉलेजानं बाग बिघडवली असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. माझ्या मते कॉलेजानंच ती वाचवली.

फौजी_फतेहगंज

काकांनी बागेचं सांगितलं, कॉलेजाचं मी सांगतो. मी ईएमई या आपल्या लष्कराच्या तंत्रज्ञ शाखेतून निवृत्त. कोर्सला कॅनडाचे अधिकारी भेटायचे, त्यांच्या तोंडी रॉयल रोड्सचं नाव फार मायेनं यायचं.

सुरुवात डिसेंबर १९४० ची. युद्ध चालू, नौदलाला अधिकारी हवे होते, म्हणून किल्ल्यातच प्रशिक्षण सुरू झालं. १९४२ मध्ये त्याचं रीतसर नेव्हल कॉलेज झालं, प्रमुख होते कॅप्टन ग्रँट. किल्ल्याजवळची मोठी इमारत ग्रँट ब्लॉक ती त्यांच्याच नावाची. १९४७ ला हवाईदलाची मुलं आली, १९४८ ला भूदलाची. तिन्ही दलं एका छताखाली. गंमत बघा, आपली जॉइंट सर्व्हिसेस विंग डेहराडूनला जानेवारी १९४९ मध्ये सुरू झाली, जिची पुढे खडकवासल्याची एनडीए झाली. महायुद्धाचा धडा दोन्ही देशांनी एकाच सुमारास घेतला.

बराच काळ इथे दोनच वर्षांचा अभ्यासक्रम होता, पदवीसाठी मुलं पूर्वेला किंग्स्टनच्या रॉयल मिलिटरी कॉलेजात जायची. १९६८ मध्ये नाव रॉयल रोड्स मिलिटरी कॉलेज झालं, १९७५ ला पदवी द्यायचा अधिकार मिळाला, १९८४ ला मुली आल्या. आपल्याकडे एनडीएत मुलींची पहिली तुकडी २०२२ मध्ये आली, त्यावरून अंदाज करा.

बंद का पडलं? शीतयुद्ध संपलं, खर्चाला कात्री लागली. १९९४ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालं की तीन सैनिकी कॉलेजांपैकी फक्त किंग्स्टनचं ठेवायचं. रॉयल रोड्स १९९५ मध्ये बंद झालं. प्रांत सरकारनं त्याच वर्षी कायदा करून तिथे विद्यापीठ काढलं, आणि त्याच वर्षी ती जागा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणूनही जाहीर झाली. ज्या आवारात आयुष्याची घडी बसली ते एका भाषणात बंद होतं म्हटल्यावर जुन्या कॅडेट्सना काय वाटलं असेल, ते मी समजू शकतो. त्यांचे फोटो आणि चिन्हं तिथे जपलेली आहेत, मुलाला दाखवायला सांगा.

रावपुऱ्याची_मंजिरी

बाबांना सगळं वाचून दाखवलं. खाणीचे आकडे ऐकून ते बराच वेळ त्यावरच बोलत होते. त्यांचा पुढचा प्रश्न: जपानशी युद्ध चालू असताना नौदलाच्या कॉलेजात जपानी बाग कशी टिकली? उपटून टाकली नाही?

बागवान_दांडियाबाजार

बाबांनी नेमकं बोट ठेवलं. १९४२ मध्ये कॅनडा सरकारनं पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या सुमारे २२,००० लोकांना घरादारातून उठवून आतल्या भागातल्या छावण्यांमध्ये पाठवलं. बहुतेक त्याच देशाचे नागरिक. त्यांची घरं, दुकानं, मासेमारीच्या होड्या सरकारनं परस्पर विकून टाकल्या. गॉर्ज पार्कमधली किशिदाची चहाबाग ताकाता कुटुंब चालवत होतं. त्यांनाही जावं लागलं आणि मागे लोकांनी बागेची मोडतोड केली, वस्तू उचलून नेल्या. आता अलीकडे तिथे पुन्हा काम झालंय, पण मूळची गेली ती गेलीच.

त्याच हाताची हॅटलीतली बाग मात्र राहिली. ती नौदलाच्या आवारात, पहाऱ्याच्या आत होती, बाहेरची गर्दी तिथे पोचू शकत नव्हती. जपानशी लढायला शिकणारी मुलं त्याच तळ्याच्या काठानं ये-जा करत होती. माझ्या 'वाचवली' म्हणण्याला याहून मोठा पुरावा मी देऊ शकत नाही.

बाग वाचते म्हणजे काय, तेही सांगतो. एकदा सकाळी तिथे एक माळीणबाई काम करताना दिसल्या. गुडघ्यांखाली रबरी गादी, हातात बोथट सुरी. तळ्याकाठच्या शेवाळात कोवळं गवत उगवलं होतं. त्या सुरीचं टोक गवताच्या मुळाशी घालायच्या, दुसऱ्या हाताची दोन बोटं शेवाळावर दाबून धरायच्या आणि गवताची काडी मुळासकट वर ओढायच्या. शेवाळ फाटलं तर ती जागा भरून यायला वर्षं जातात, म्हणून दाबून धरायचं. मी बाजूला उभा राहून बघत होतो. म्हटलं, आमच्याकडे हिरवळीतला लव्हाळा असाच काढतात, फक्त खुरप्यानं. त्यांनी सुरी माझ्या हातात दिली, करून बघा म्हणाल्या. मी थोडी जागा साफ करून दिली. हिवाळ्यात पाऊस संततधार असतो म्हणून शेवाळ माजतं, उन्हाळा मात्र कोरडा जातो, तेव्हा त्याला जपावं लागतं. शंभर माळ्यांचं काम आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं करतात, यंत्रांच्या मदतीनं. सगळे कोपरे पूर्वीसारखे राहात नाहीत, पण जपानी बागेवरचा हात त्यांनी काढलेला नाही.

निखिल_सयाजीगंज

काका, हे मला तिथे राहून माहीत नव्हतं. रोज त्या तळ्याशी डबा खायचो. तेव्हा आवारात मोरही असायचे, आपल्यासारखे निळे, थेट केकाटत यायचे डब्याजवळ.

बागवान_दांडियाबाजार

हो, मोरांनी रोपांचा फडशा पाडल्याचं माळीणबाईही सांगत होत्या!

मंजिरीताई, आता चालण्याचं. एप्रिलअखेर ही उत्तम वेळ आहे. ऱ्होडोडेंड्रॉन आणि अझेलिया फुललेले असतात, जपानी मेपलला नवी पालवी असते. किल्ला आणि इटालियन बाग एकाच पातळीवर आहेत, बाबांना तिथे काहीच त्रास नाही. जपानी बाग उतारावर आहे. जाताना सोपं, येताना चढ. अर्ध्या वाटेवर बसून घ्या, घाई करू नका. पायवाटा ओल्या असतात, चपला चालणार नाहीत, चांगल्या पकडीचे बूट घ्या. सकाळी गारठा असतो, बाबांना कानटोपी आणि बंद गळ्याचा स्वेटर. किल्ल्यात आत जायचं असेल तर वेळ आधी विद्यापीठात विचारा, कारण कार्यक्रम असला की बंद ठेवतात.

दुसरा दिवस हाताशी असेल तर गाडीनं खाजणापलीकडच्या वाळूच्या पट्टीवर जा. तिथून पाण्यापलीकडे पूर्ण किल्ला समोरून दिसतो आणि बाबांना पाऊलभरही चढावं लागणार नाही. तिथेच पट्टीच्या टोकाकडे फिस्गार्डचं दीपगृह आहे, १८६० चं, कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचं पहिलं. आणि रेल्वेवाल्या माणसाला नानायमोपर्यंत नक्की न्या, दीड-दोन तासांचा रस्ता आहे. डन्सम्यूरांचा रूळ वाटेत बऱ्याच ठिकाणी रस्त्यालगत दिसतो. नानायमोच्या संग्रहालयात खाणीचा देखावा उभा केलाय, तो बघितल्याशिवाय हॅटली पुरतं कळत नाही.

रावपुऱ्याची_मंजिरी

काका, फौजीकाका, निखिल, मनापासून आभार. बाबांनी वहीत सगळं उतरवून घेतलंय. नानायमोचं लगेच ठरवलंय, आधी खाण आणि मग किल्ला, असा क्रम त्यांनीच लावला. मुलालाही कळवलं, तो गाडीची सोय करतोय.